डाव्या सीटपुढची खडूची खूण

आमच्या घरात गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो: माणसं किती बसतात? रंग, अ‍ॅव्हरेज ही नंतरची बोलणी. लातूरच्या घरात आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आमची मुलगी आणि आम्ही दोघं असे सगळे एकत्र राहतो. कपिलधारेला जायचं असो की उदगीरला लग्नाला, सगळे एकाच गाडीत कोंबले जातात आणि कुणी कुणाच्या मांडीवर बसायचं यावरून निघण्याआधी वाद ठरलेला. अशा घरातल्या माणसानं चाळिशी ओलांडल्यावर दोनच सीटांची गाडी विकत घ्यावी, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. म्हणून मी ते सांगितलंच नाही. गाडी हैदराबादेत घेतली आणि नांदेडात लपवली.

गाडी विलायती, माझ्याहून वयानं मोठी. कापडी छत, बुटकी, आत बसायचं म्हणजे आधी कंबर घालायची आणि मग पाय ओढून घ्यायचे. एका जुन्या अधिकाऱ्याचा नातू आजोबांचा बंगला रिकामा करत होता, त्याला ती अडगळ वाटत होती. रेडिएटरचं पाणी न बघता चालवल्यामुळं तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला फार पूर्वीच तडा गेला होता आणि इंजिन भंगारात गेलं होतं. उरला होता सांगाडा. तो इतका हलका की चौघांनी हातांनी उचलून टेम्पोत चढवला. इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना, अशी तिची जुनी रचना. अशा हलक्या गाडीला मागून रेटा मिळाला की ती वळणावर कशी वागते, याचे व्हिडिओ मी दुकानात गिऱ्हाईक नसताना बघून बघून पाठ केले होते.

आमचं दुकान पाण्याच्या मोटारी, पाइप आणि फिटिंगचं. दिवसभर गल्ल्यावर भाऊ आणि काउंटरवर मी. घरी आलो की आई, मुलं, टीव्ही, पाहुणे. आमच्या घरात एकटं राहायची जागा म्हणजे न्हाणीघर, आणि तिथंही बाहेरून कुणीतरी विचारतंच, अजून किती वेळ. मला कुणाचा राग नव्हता. घरची माणसं चांगली आहेत, आणि तेच अवघड होतं. वाईट असती तर भांडून वेगळं निघता आलं असतं. मला फक्त एकट्यानं नांदेडच्या वाटेला लोहा गावापुढच्या सरळ रस्त्यावर गाडी हाणायची होती. एकट्यानं. हा शब्द मी तेव्हा स्वतःशीसुद्धा नीट उच्चारला नव्हता. दुसरी सीट आहे, ती कारखान्यानंच लावलेली आहे, ती काढायची कशाला, एवढाच तिच्याबद्दलचा माझा विचार होता.

नांदेडात ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या वस्तीमागं एका गल्लीत उस्तादचं गॅरेज होतं. त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे. जुन्या जीपा उभ्या करण्यात त्यांचं नाव होतं. मी दर रविवारी घरची गाडी घेऊन निघायचो. घरी सांगायचो, नांदेडला कंपनीवाल्याकडं माल बघायला चाललोय. आईला वाटायचं, पोरगं सुट्टीच्या दिवशीसुद्धा धंद्यासाठी राबतंय. ती डब्यात धपाटे बांधून द्यायची. ते धपाटे मी आणि उस्ताद त्या सांगाड्याशेजारी टायरवर बसून खायचो, आणि मला ते गिळताना काहीच वाटायचं नाही.

उस्तादनं पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "साहेब, चीज लई नाजूक हाय. पन हिच्या पोटात घालनार काय?"

या प्रश्नात माझा सगळा पावसाळा गेला. मूळचं इंजिन मिळणं शक्य नव्हतं. गल्लीतले ट्रकवाले डिझेल म्हणत होते, कारण आमच्याकडं कुठल्याही यंत्राला पहिला सल्ला डिझेलचाच असतो. पण डिझेलचं धूड पुढं ठेवलं असतं तर गाडीनं नाकच घासलं असतं. शेवटी दोन इंजिनं उरली. एक जिप्सी गाडीचं, तेराशे सीसीचं, पेट्रोल. अंगानं हलकं, गिअरबॉक्स पाठीमागं सरळ रेषेत, उस्तादच्या म्हणण्याप्रमाणं फारशी कापाकापी न करता बसणारं. दुसरं, सात-आठ माणसं ओढणाऱ्या मोठ्या प्रवासी गाडीचं, दोन लिटरचं. तेही पेट्रोल, पण ताकदीनं आणि अंगानंही पुष्कळ मोठं. भंगारवाल्यानं ओळखीवर दोन्ही बघायला दिली होती, एक ठेवून घ्यायचं आणि एक परत करायचं. गॅरेजच्या फरशीवर दोन टायरांवर ती दोन इंजिनं शेजारीशेजारी पडलेली असायची आणि मी त्यांच्यामध्ये स्टूल टाकून बसायचो.

दुकानात मी गिऱ्हाइकाला काय सांगतो ते ऐकलं असतं तर उस्ताद हसले असते. शेतकरी आला आणि मोठी मोटार मागायला लागला की मी त्याला समजावतो, काका, बोअरला पाणी किती आहे ते बघा, पाण्यापेक्षा मोटार मोठी घेतली तर पाणी तुटतं आणि मोटार जळते. लोक माझं ऐकतात. त्या सल्ल्यावर आमच्या दुकानाचं नाव आहे. आणि हाच मी रविवारी नांदेडात बसून, आठ माणसं ओढणारं इंजिन एका माणसाला ओढण्यासाठी मागत होतो.

एकदा उस्तादनं ते मोठं इंजिन फरशीवरच चालू करून दाखवलं. बॅटरी जोडली, पेट्रोलची बाटली वर टांगली आणि चावीऐवजी दोन वायरी एकमेकींना लावल्या. पत्र्याचं छत थरथरलं, भिंतीवरचे पाने खडखडले. माझ्या छातीत काहीतरी असं हललं की त्यानंतर लहान इंजिनाकडं बघणंसुद्धा मला गरिबीचं वाटायला लागलं.

उस्ताद मात्र खूश नव्हते. त्यांनी आत वाकून मापं घेतली, खिशातून खडू काढला आणि डाव्या सीटपुढं, जिथं माणूस पाय ठेवतो तिथं, पत्र्यावर एक वाकडी रेघ ओढली. मोठ्या इंजिनाचा गिअरबॉक्स जाड होता. उजवीकडं क्लच-ब्रेक असल्यामुळं तिकडं सरकायला जागा नव्हती. त्यामुळं डावीकडचा पत्रा कापून तिथं फुगवटा करावा लागणार होता, आणि सायलेन्सरचा पाइपही त्याच बाजूनं काढावा लागणार होता.

"या रेघेच्या पुढं काईच राहनार न्हाई," ते म्हणाले. "मानूस बसंल, पन पाय न्हाई बसनार. पिशवी ठेवता येईल."

मी म्हणालो, "डावीकडं कोण बसणारय उस्ताद? कापा."

त्यांनी लगेच कटर उचललं नाही. पुढच्या रविवारी बघू म्हणाले. मला त्यांचा राग आला.

घरी परतण्याआधी मी हात पेट्रोलनं धुवायचो, मग साबणानं, मग कपडे बदलायचो. तरी वास जायचा नाही. उस्ताद दया येऊन कानात ठेवायच्या अत्तराच्या फायातला थोडा वास माझ्या कॉलरला लावायचे. म्हणजे दर रविवारी संध्याकाळी मी घरी यायचो तो सकाळचा शर्ट बदलून, अंघोळ केल्यासारखा आणि अत्तर लावून. हे बायकोला कसं दिसत असेल याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. पेट्रोलचा वास लपवण्यातच मी इतका गुंतलो होतो.

तिनं मला विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "मी पण येते नांदेडला. गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवून येऊ." मी म्हणालो, पुढच्या वेळी. ती बरं म्हणाली. नंतर कळलं, नांदेडला राहणाऱ्या तिच्या मावशीनं आमची गाडी त्या गल्लीच्या तोंडाशी तीनचारदा उभी बघितली होती आणि फोन करून विचारलं होतं, "जावई तिकडं काय करायलेत?" बायकोनं त्याचं उत्तर शोधायला दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःच्या वडिलांना बोलावलं.

माझे सासरे देवणी तालुक्यातले. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आप्पा. जन्मभर त्यांनी बैलांचा व्यापार केला. आता गुडघे धरतात म्हणून कमी केलाय, पण बाजाराचा दिवस चुकवत नाहीत. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. व्यापारी खांद्यावरचं उपरणं हातावर टाकतो, घेणारा त्या कापडाखाली हात घालून त्याची बोटं धरतो, आणि किती बोटं धरली त्यावरून दोघांपुरतं कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. कापड उचललं की ज्याचं कापड तो बोलतो, आणि तो बोलला ते ठरलं. मी दुसरीच बोटं धरली होती, असं नंतर कुणी म्हणत नाही. जो म्हणेल त्याच्यासमोर पुन्हा कुणी उपरणं टाकत नाही. हे मला बायकोनंच लग्नानंतर सांगितलं होतं. लहानपणी ती वडिलांबरोबर बाजारात जायची आणि त्यांच्या पायाशी शेंगा खात दिवसभर बसायची.

त्या रविवारी मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. अंगात बनियन, खाली उस्तादची लुंगी. आधी कातडी जोडे दिसले, पुढं चोच असलेले. असले जोडे नांदेडात कोण घालतं, असं माझ्या मनात आलं, आणि त्यांच्या शेजारी जोडवी दिसली. ती जोडवी मी ओळखली. मी तसाच पडून राहिलो. माणूस किती वेळ गाडीखाली राहू शकतो याचा मी खरोखर विचार करत होतो.

"बाहेर या," बायको म्हणाली.

मी सरकत बाहेर आलो. मामांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते गॅरेजभर फिरले. मागच्या पडद्याआड डोकावले, तिथं टायर होते. माळ्याकडं मान वर करून बघितलं. कोपऱ्यातल्या मोरीचं दार ढकलून बघितलं. उस्ताद बिचारे नळीचा पाना हातात धरून त्यांच्या मागोमाग फिरत होते आणि काय हुडकायचंय ते विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती. मामा काय शोधताहेत ते मला मात्र हळूहळू कळलं, आणि कानापर्यंत गरम झालं. माझ्याविषयी घरच्यांनी असलं काही मनात आणावं, याची लाज वाटली. त्याहून जास्त लाज याची वाटली की या वयात आपल्यावर असला संशय येऊ शकतो, याचं क्षणभर मला थोडं बरंही वाटलं होतं.

शेवटी मामा गाडीपाशी आले. "हे काय हाय?"

"गाडी."

"कुनाची?"

"माझी."

त्यांनी पुढून मागून बघितलं. "बाकीची कुठंय?"

उस्तादना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. बायको मात्र हसली. मोकळी हसली, किती दिवसांनी. एका डब्यावर बसून पदर तोंडाला लावून ती हसत राहिली आणि मध्येच तिनं डोळे पुसले. ते बघून मला कळलं, हे काही आठवडे तिनं कसे काढले असतील.  मी लुंगीची गाठ नीट करत उभा राहिलो.

मग तिचं हसू थांबलं. ती उठून गाडीत डोकावली. "दोनच सीटा?"

"हो."

"एक तुमची. दुसरी कुणाची?"

"तुझीच की," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की मला स्वतःलाही ते खरं वाटलं.

तिचा चेहरा बदलला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघंच कधी गाडीत बसलो नाही. मध्ये नेहमी कुणाचं तरी मूल, कुणाची तरी पिशवी, देवाचा नारळ. उस्तादनं डाव्या बाजूचं छोटं दार उघडून धरलं. तिनं साडी गोळा केली, आधी कंबर आत घातली, मग पाय ओढून घेतले. पहिल्याच खेपेला तिला ते जमलं. सीटला गादी नव्हती, नुसता पत्रा आणि वर पोतं. त्यावर ती ताठ बसली आणि समोर, जिथं काच येणार होती तिथून, बघायला लागली. मग तिनं पाय पुढं केले आणि खाली बघितलं.

"ही खूण कशाची?"

उस्तादनं माझ्याकडं बघितलं. मी इंजिनांकडं बघितलं.

"ते मोठं इंजन घातलं तर तेवढं कापावं लागतंय, भाभी," उस्ताद म्हणाले.

"मग पाय कुठं ठेवायचे?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की याचं काहीतरी उत्तर असेल, पाय ठेवायची दुसरी काही सोय केली असेल. उस्ताद म्हणाले, "ते साहेबांनी..." आणि थांबले.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

ती गाडीतून उतरली नाही. तिनं फक्त पाय मागं घेतले, रेघेच्या अलीकडं, आणि गुडघे जवळ घेऊन तशीच बसली. ते पाय मागं घेणं मला आजही दिसतं. कुणी सांगितलेलं नसताना तिनं खडूच्या रेघेला मान दिला होता. आमच्या घरात ती अशीच बसत आली आहे, कडेला, कुणाला तरी जागा करून देत. तेवढं अंग चोरायला तिला वेळ लागला नाही.

मामांनी उस्तादना बाजूला घेतलं. कुठलं लहान, कुठलं मोठं, कुठल्यानं कापावं लागतं आणि कुठल्यानं नाही, ते विचारून घेतलं. ऐकताना ते मोठ्या इंजिनाच्या अंगावर हात फिरवत होते. मग मला म्हणाले, "या हिकडं, जावईबापू."

मी गेलो. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं.

"चारचौघांत ठरवायची मानसाला लाज वाटती," ते हळू म्हणाले. "हितं धरा. एक बोट धरलं तर ल्हान. दोन धरली तर मोठं. बाहीर कुनाला कळनार न्हाई."

मी कापडाखाली हात घातला. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता, बैलांच्या दाव्यांनी घट्टे पडलेला. त्यांनी बोटं मोकळी ठेवली होती. उस्ताद रीतीप्रमाणं दुसरीकडं बघत होते. बायको गाडीत बसूनच इकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं नाही, उपरण्याकडं. त्या माणसानं मला केवढी मोठी सवलत दिली होती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मुलीला घेऊन तो इतक्या लांब माझी अब्रू काढायला आला होता, आणि आता तीच अब्रू कापडाखाली झाकून मला म्हणत होता, घ्या, तुमच्या हातानं नीट करा.

मला ते इंजिन ऐकू येत होतं. पत्र्याचं छत, खडखडणारे पाने. लोह्यापुढचा रस्ता दिसत होता.

मी दोन बोटं धरली.

गडबडीत धरली गेली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून बघितलं. ते काही खरं नाही. मला पुरेसा वेळ होता, आणि कुणी बघत नव्हतं. मी चांगली घट्ट धरली.

मामांचा हात जागचा हलला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मग त्यांनी बोटं सोडवून घेतली, उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि उस्तादना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ल्हान बसवा. जावईबापू म्हनले, लेकीच्या पायाला जागा पाहिजे."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कापड उचललं होतं.

उस्तादच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "सहीच केलं साहेब," ते म्हणाले आणि ओलं फडकं घेऊन गाडीत वाकले. बायकोनं पाय वर उचलले आणि त्यांनी ती रेघ पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी मोठं इंजिन भंगारवाल्याकडं परत गेलं.

 निघताना मामा मला एवढंच म्हणाले, "तेलपानी बघत जावा."

गाडी पुरी व्हायच्या आधीच गोष्ट लातूरला पोचली. मला वाटलं होतं, घरात दोन सीटांवरून महाभारत होईल. काही झालं नाही. आई म्हणाली, "लपवलास कामून रे, आम्ही काय खाल्लं असतं का तुला?" आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पन बायकोचा इचार केलास ते बरं केलास." भाऊ दुकानात येईल त्याला सांगायला लागला, आमच्या धाकट्यानं बायकोच्या पायासाठी दोन लिटरचं इंजिन सोडलं. वहिनीनं त्यावरून भावाला आठवडाभर टोचून खाल्लं. मामा तर बाजारात बसून सांगत असणारच. देवणीकडचा एकजण मोटार घ्यायला आला तो म्हणाला, तुम्हीच का ते जावई? आणि चहा प्याल्याशिवाय जाईना.

यावर मी काय बोलणार? खरं सांगायचं तर मामांना खोटं पाडावं लागतं, आणि तेही त्यांच्या उपरण्याच्या बाबतीत, ज्याच्या भरवशावर त्यांनी आयुष्यभर जनावरं विकली. म्हणून मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो, आणि ते आणखी कौतुक करतात. शिव्या खाल्ल्या असत्या तर मी केव्हाच मोकळा झालो असतो. कौतुक मात्र दर वेळी नव्यानं लाजवतं.

आरटीओतले हेलपाटे संपवून गाडी लातूरला आली. मुलांनी आळीपाळीनं गल्लीत फेऱ्या मारून घेतल्या, आईसुद्धा हट्टानं एकदा मठापर्यंत बसून गेली. लहान इंजिन गाडीला असं बसलं की ते मूळचंच वाटावं. पुढचं नाक वर राहतं, गाडी वळणावर हलकी फिरते, आणि सरळ रस्त्यावर मला हवं होतं त्याहून जास्तच पळते. तरी कधीकधी चढावर गिअर उतरवताना मनात येतं, ते दुसरं असतं तर. म्हणजे मी सुधारलो असंही नाही.

आम्ही दोघं पहिल्यांदा लांब गेलो ते नांदेडला, त्याच मावशीच्या घरच्या लग्नाला. मांडवात मावशीनं माझा हात धरून मला पाहुण्यांच्या पंगतीत फिरवलं. "बघा, असा नवरा पाहिजे," असं प्रत्येकीला सांगितलं. बायको शेजारीच होती. तिनं पदर सारखा केला, हसली आणि वरणाची वाटी पुढं केली. मी जिलेबी तशीच पानात टाकून उठलो.

परतताना ऊन उतरलं होतं. छत मागं टाकलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा पिवळा पडत आला होता. लोह्यापुढचं माळाकोळी गाव मागं गेलं. गाडीत बसल्यावर मी तिला एक प्रश्न नेहमी विचारतो, सवयच लागली आहे. तेव्हाही विचारला.

"पाय पुरतात का?"

"पुरतात," ती म्हणाली.

 वाऱ्यानं पदर उडत होता, तो तिनं मांडीखाली दाबून घेतला.

"एक बोट धरलं की उपरणं सरळ लोंबतंय," ती म्हणाली. "दोन धरली की मधी उचलल्यावानी होतंय. आप्पांच्या पायाशी बसून बसून मला ल्हानपनीच कळायला लागलं होतं."

मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी बाजूला घ्यायला लागलो. 

"थांबू नका," ती म्हणाली. "पोरगी वाट बघत असंल."

तिनं चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि पाय पुढं, पार शेवटपर्यंत, लांब केले.